जळगावच्या भरिताच्या वांग्याचे नाव आपल्या मालावर अधिकृतपणे कसे लावावे

जळगावचे केळे आणि जळगावचे भरिताचे वांगे यांना 2016 साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळाले. परंतु त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याला ते नाव वापरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, ही गोष्ट खानदेशात अजून पुरेशी पोहोचलेली नाही याचे वाईट वाटते. भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्यानुसार मानांकन उत्पादकांच्या संस्थेच्या नावे नोंदले जाते आणि प्रत्यक्ष उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

सर्वप्रथम चेन्नई येथील भौगोलिक उपदर्शन (म्हणजेच भौगोलिक मानांकन) नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्या पिकाची नोंद उघडून त्यातील क्षेत्राचा नकाशा व गुणवैशिष्ट्ये बारकाईने वाचावीत, कारण आपले शेत त्या हद्दीत नसेल किंवा वाण वेगळे असेल तर पुढचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. त्यानंतर जीआय-3 हा अर्ज भरून, सातबारा उतारा व ओळखपत्र यांसारखे पुरावे जोडून तो सादर करावा आणि त्याची प्रत मानांकनधारक संस्थेला पाठवावी. छाननीनंतर अर्ज नोंदणी कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. मुदतीत हरकत न आल्यास नोंदणी होते.

ही नोंदणी सामान्यतः दहा वर्षे टिकते व तिचे नूतनीकरण करता येते. मात्र हा हक्क विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. मानांकनात न बसणाऱ्या मालावर हे नाव खोटेपणाने लावणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंड होऊ शकतो. म्हणून आपला माल अस्सल असल्याचे दाखवता यावे यासाठी बिले व वेष्टनांचे नमुने जपून ठेवावेत.