डायलिसिसवर असलेल्यांच्या हाडांची तपासणी: या चुका टाळा

डिचोलीहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणाऱ्या एका काकींनी मला डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट दाखवला. "कणा चांगला आहे म्हणे. मग कंबर एवढी का दुखते?" मी एक्स-रे काढणारा माणूस, हा प्रश्न मला नेहमी येतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त कण्याच्या आकड्यावर विसंबणं. कण्याच्या अगदी पुढून महाधमनी जाते आणि डायलिसिसवरच्या अनेकांच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. डेक्साचे किरण आरपार जातात. धमनीतलं कॅल्शियम आणि मणक्यातलं कॅल्शियम त्यांना वेगळं कळत नाही, दोन्हींची बेरीज होते आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. झिजेमुळे मणक्याच्या कडेला वाढलेलं हाडही त्यात धरलं जातं. म्हणून खुब्याचं माप हवंच. पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) वाढलेलं असेल तर कोपर आणि मनगट यांमधल्या हाडाचंही घ्यावं, कारण हे संप्रेरक हाडाचं बाहेरचं कठीण कवच पोखरतं आणि तिथे कवचच जास्त असतं. फिस्तुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर आणि धमनी) असलेला हात मात्र यासाठी देऊ नका.

हातांच्या साध्या एक्स-रेला कमी लेखू नका. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या हाडाची अंगठ्याकडची कड खरखरीत, कुरतडल्यासारखी दिसते. पीटीएच वाढल्याने होणाऱ्या हाडांच्या आजाराची ही ओळखीची खूण. फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की नेमकी हीच कड पुसट होते. पेडणे, काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला निघताना मूळ फिल्म सोबत घ्या, जुन्याही.

फॉर्मवर 'डायलिसिस' लिहिलेलं आहे ना, ते पाहा. पीटीएचच्या याच आजारात हाडात 'ब्राउन ट्यूमर' नावाची पोकळी होते. तो कॅन्सर नाही, पण माहिती नसेल तर तसा संशय येतो आणि घर हादरतं.

एमआरआयच्या गॅडोलिनियम इंजेक्शनचा कातडी कडक करणाऱ्या आजाराशी संबंध 2006 मध्ये समोर आला. नव्या प्रकारांत धोका फार कमी आहे. घाबरून तपासणी टाळू नका. डायलिसिसच्या आधी वेळ मागा.

डेक्साचा आकडा कमी आला म्हणून डेनोसुमॅबचं (हाडांची झीज रोखणारं) इंजेक्शन घाईने घेऊ नका. डायलिसिसवर त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) जानेवारी 2024 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हाड किती वेगाने झिजतंय हे डेक्सा सांगत नाही. त्यासाठी रक्तातलं पीटीएच, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि गरज पडल्यास हाडाची बायोप्सी लागते.

काकींनी आता नेफ्रॉलॉजिस्टकडून (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून) खुबा आणि उजवा हात लिहून आणलाय. फिस्तुला डावीकडे आहे.