स्कूबा बुडीचा आराखडा: सुरुवात परतीच्या हवेपासून

एखाद्या ठिकाणी स्कूबा बुडी मारायची ठरली की, खाली काय काय पाहायचे याचाच विचार बहुतेक जण आधी करतात. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. त्या ठिकाणच्या सर्वांत खोल जागी असताना जोडीदाराची हवा संपली, तर एकाच सिलिंडरवर दोघांना सुखरूप वर यायला किती हवा लागेल, हा पहिला प्रश्न असावा. हा आकडा हाती आला की खाली किती वेळ थांबायचे, कुठून मागे वळायचे आणि मुळात हे ठिकाण आज आपल्या आवाक्यातले आहे का, हे ठरवणे सोपे जाते. पुढील विवेचन प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी आहे; ते वाचून प्रशिक्षणाची उणीव भरून निघणार नाही.

हिशोबाला बसण्याआधी ठिकाणाची माहिती जमवावी. बुडालेले जहाज असेल, तर त्याचा वरचा डेक किती खोलीवर आहे आणि ते ज्या तळावर टेकले आहे तो किती खोल आहे, हे दोन वेगळे आकडे असतात. आपण डेकवरच फिरणार असलो, तरी हिशोब तळाच्या खोलीचा करावा, कारण हातातून निसटलेल्या टॉर्चमागे माणूस नकळत तळापर्यंत जातो. प्रवाळाची उभी भिंत असेल आणि तळ फार खोल असेल, तर खालची सीमा आपणच आखून घ्यावी लागते. सुरुवातीच्या पातळीच्या प्रशिक्षणाची मर्यादा साधारणतः 18 मीटर, त्यापुढच्या पातळीची 30 मीटर आणि हौशी बुडीची कमाल मर्यादा 40 मीटर मानली जाते. साधारण 30 मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी अनेकांना जाणवू लागते आणि साध्या निर्णयांनाही वेळ लागतो. खाली डोके मंदावणार हे गृहीत धरूनच सगळे हिशोब वर, कोरड्या जागी करून पाण्यात नेता येणाऱ्या पाटीवर लिहून न्यावेत. जहाजाच्या आत शिरण्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी साधने लागतात. ती नसतील, तर दार कितीही मोठे दिसले तरी बाहेरच राहावे. जुनी जाळी अडकलेली असण्याची शक्यता असेल, तर दोघांकडेही दोर कापण्याचे साधन हवे, आणि ते हाताला सहज लागेल अशा जागी हवे.

समुद्रात बुडीची वेळ आपल्या सोयीने नव्हे, तर भरती-ओहोटी पाहून ठरवावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि प्रवाह जोरात वाहतात. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाण्याची हालचाल त्या मानाने कमी असते. भरती चढायला साधारण सहा तास लागतात असे धरले, तर पाण्याच्या एकूण चढउतारापैकी जवळजवळ निम्मा भाग मधल्या दोन तासांत होतो. म्हणून त्या दोन तासांत पाण्यात उतरणे टाळावे आणि प्रवाह मंदावण्याच्या वेळेच्या थोडे आधी ठिकाणावर तयार असावे. कोष्टकातली भरतीची वेळ आणि प्रत्यक्ष प्रवाह थांबण्याची वेळ यांत अरुंद खाड्यांमध्ये किंवा खडकांच्या फटींजवळ बरेच अंतर पडू शकते, त्यामुळे त्या पाण्यात रोज नाव नेणाऱ्याला विचारल्याशिवाय वेळ पक्की करू नये. प्रवाह थोडासा असला, तर बुडीची सुरुवात त्याच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे दमल्यावर परतताना तो साथ देतो.

आता हवेचा हिशोब. समुद्राच्या पाण्यात दर 10 मीटरला सुमारे 1 बार दाब वाढतो. पृष्ठभागावर 1, 20 मीटरवर 3 आणि 30 मीटरवर 4 बार दाब असतो, आणि श्वासागणिक खर्च होणारी हवाही त्याच पटीने वाढते. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा पृष्ठभागावरचा हवेचा खर्च ठाऊक असायला हवा. तो काढणे सोपे आहे: 10 मीटरवर 15 मिनिटे शांतपणे पोहताना 12 लिटरच्या सिलिंडरमधला दाब 45 बारने उतरला, तर 540 लिटर हवा वापरली गेली, मिनिटाला 36 लिटर, आणि तिथे दाब 2 बार असल्यामुळे पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला 18 लिटर. हा आकडा थंडी, प्रवाह आणि भीती यांनी वाढतो, म्हणून तो एका बुडीवरून ठरवू नये.

समजा, तळ 30 मीटरवर आहे. संकटात दोघांचा श्वास वाढलेला असणार, म्हणून प्रत्येकी 25, म्हणजे दोघांचे मिळून मिनिटाला 50 लिटर धरावेत. तळाशी एकमेकांना गाठून दुसरा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे तोंडात धरायचे साधन) तोंडात देण्यात एक मिनिट गेले: 50 गुणिले 4, म्हणजे 200 लिटर. मग मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने 5 मीटरपर्यंत यायला जवळपास 3 मिनिटे, सरासरी दाब 2.75 बार: सुमारे 412 लिटर. 5 मीटरवर 3 मिनिटांचा सुरक्षा थांबा: 225 लिटर. शेवटचे 5 मीटर एका मिनिटात, अगदी सावकाश: सुमारे 63 लिटर. बेरीज 900 लिटर, म्हणजे 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 75 बार आणि 10 लिटरच्या सिलिंडरमध्ये 90 बार. ‘50 बार उरले की वर या’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम 30 मीटरवर किती अपुरा आहे, हे यावरून कळते. उथळ बुडीत तो चालून जातो. खोलीवर तो दोघांपैकी एकाला उघड्यावर टाकतो. गेज थोडे चुकीचे दाखवू शकते हे धरून 12 लिटरसाठी मी 80 बार राखून ठेवतो आणि त्या हवेला बुडीच्या बेतात स्थानच देत नाही.

200 बारच्या सिलिंडरमधून 80 बाजूला काढले आणि खाली उतरण्यात 8 बार गेले, तर फिरण्यासाठी 112 बार हाती राहतात. वर येण्यासाठी नांगराच्या दोरीकडेच परतावे लागणार असेल, तर त्यातले निम्मे जाण्यासाठी आणि निम्मे येण्यासाठी. म्हणजे गेज 136 बार दाखवेल तेव्हा वळायचे. पाटीवर 140 लिहावे. दोघांपैकी ज्याचा आकडा आधी गाठला जाईल, त्याच्या खुणेवर दोघांनी वळायचे, तेही वाद न घालता. पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला 20 लिटर खर्च असणाऱ्याला ही हवा 30 मीटरवर 16-17 मिनिटे पुरते.

हवा पुरते म्हणजे वेळ आहे असे मात्र नाही. खाली दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात साठत जातो, त्याची मर्यादा वेगळी मोजावी लागते. प्रचलित हौशी कोष्टकांपैकी एकात 30 मीटरसाठी थांब्याविना (म्हणजे वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून सक्तीने थांबावे न लागता) 20 मिनिटे दिलेली आहेत आणि ती खाली उतरायला लागल्यापासून मोजली जातात. अनेक डाइव्ह कॉम्प्युटर (बुडीत खोली आणि वेळ मोजणारी मनगटी यंत्रे) त्याहून कमी वेळ देतात. हवेची मर्यादा आणि ही मर्यादा यांतली जी लहान असेल ती पाळावी. दिवसातली दुसरी बुडी असेल, तर अंगात उरलेल्या नायट्रोजनमुळे हा वेळ आणखी घटतो. 32 टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स (नेहमीच्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण) वापरल्यास नायट्रोजनचा वेळ वाढतो, पण सिलिंडरमधल्या वायूचे प्रमाण वाढत नाही, आणि ऑक्सिजनचा दाब 1.4 बारच्या वर जाऊ नये या हिशोबाने त्या मिश्रणावर सुमारे 33 मीटरच्या खाली जाता येत नाही.

पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराशी समोरासमोर बोलून काही गोष्टी पक्क्या कराव्यात. एकमेकांपासून चुकामूक झाली तर एक मिनिटापर्यंत शोधायचे आणि मग नेहमीच्या वेगाने वर येऊन भेटायचे. नांगराची दोरी सापडली नाही तर मार्कर बॉय (दोरीला बांधलेला, पृष्ठभागावर तरंगणारा खुणेचा फुगा) सोडून त्याच्या दोरीच्या आधाराने यायचे. नावेवर थांबणाऱ्या माणसाला आपण किती वाजता वर दिसायला हवे आणि न दिसल्यास त्याने कोणाला कळवायचे, हे सांगून ठेवावे. प्राणवायूचा सिलिंडर नावेवर आहे का, तो भरलेला आहे का आणि जवळचे दाबकक्ष असलेले रुग्णालय कोणते, हे स्वतः पाहून घ्यावे. सर्दी झाली असेल तर बुडी रद्द करावी. नाक मोकळे करणाऱ्या गोळीचा परिणाम खाली असतानाच ओसरला, तर वर येताना कानात हवा कोंडते. कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता बुडी थांबवू शकतो, हेही मोठ्याने बोलून दाखवावे, कारण नवखा माणूस ते आपणहून मागत नाही.

बुडीनंतर विमानप्रवास असेल, तर थांब्याविना केलेल्या एकाच बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुडींनंतर किमान 18 तास मध्ये जाऊ द्यावेत. डीकम्प्रेशनचे, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडण्यासाठीचे सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील, तर त्याहून बराच जास्त वेळ ठेवावा. सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे किंवा कारण नसलेला थकवा जाणवला, तर रात्रभर वाट पाहू नये. लगेच प्राणवायू द्यायला सुरुवात करावी आणि डॉक्टरांना गाठून शेवटच्या बुडीची खोली आणि वेळ सांगावी.