विंडोज १० बंद झालेल्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. लॅपटॉप चालत राहतो, पण सुरक्षेतली नवी भोकं आता बुजत नाहीत, त्यामुळे त्यावरून बँकेचे व्यवहार करणं बरं नव्हे. विंडोज ११ला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी नावातच दिसते: आय५-८२५०यू आठवी, आय५-५२००यू पाचवी. ही तपासणी टाळून विंडोज ११ बसवण्याची सोय रूफसमध्ये (इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं मोफत सॉफ्टवेअर) आहे, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं नाही. घाई नको असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. मशीनवर २२एच२ आवृत्ती असेल तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वेळ मिळतो.

विंडोज सोडून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची असेल तर आधी घोडं कुठे अडेल ते बघा. हिशेबाच्या टॅलीला आणि मराठी टायपिंगच्या श्रीलिपीला विंडोज लागतं. डिजिटल सहीच्या टोकनचे (सही साठवलेलं यूएसबी उपकरण) ड्रायव्हर लिनक्सवर बसवता येतात, पण खटपट बरीच असते. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटरही लिनक्सवर त्रास देतो. रोजचं काम यावरच असेल तर मिंटच्या नादी लागू नका. कधीमधीच लागत असेल तर जुनी विंडोज डिस्क जपून ठेवा आणि तिला नेट जोडू नका.

खर्च करायचा तर पहिला एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर. अडीच इंची, साटा जोडणीची, २४० किंवा २५६ जीबी पुरे. फिरती डिस्क तशीच ठेवून नुसतं लिनक्स घातलं की लोक निराश होतात, कारण सगळं रखडत होतं ते मुळात डिस्कपायी. दुसरा खर्च रॅमचा, ४ची ८ जीबी. जुन्या लॅपटॉपची रॅम घेताना स्टिकर वाचा: डीडीआर३एल म्हणजे १.३५ व्होल्टची. ती १.५ व्होल्टच्या जुन्या मशीनमध्येही चालते. उलट केलं तर मशीन बहुधा चालूच होत नाही. २ जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर त्या मशीनवर पैसे घालू नका.

एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम नांदवण्यापेक्षा विंडोजची डिस्क काढून बाजूला ठेवणं केव्हाही चांगलं. काही बिनसलं तर ती परत लावली की काम सुरू. काढण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन शटडाउन करा. हे राहिलं तर विंडोज अर्धवट झोपेत असतं, आणि ती डिस्क लिनक्सला जोडल्यावर फाइल वाचता येतात पण लिहिता येत नाहीत. डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवून जुनी डिस्क आतच ठेवायची असेल तर जाडी मोजून घ्या, कारण ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन मापांच्या कॅडी मिळतात.

मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उतरवा. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत. फाइल नीट उतरली का ते कळण्यासाठी तिची शा-२५६ संख्या वेबसाइटवरच्या संख्येशी जुळवा. फाइल अर्धवट उतरली असेल तर इन्स्टॉल मध्येच लटकतं. रूफसने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा (ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं). मशीन चालू होताना डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही तर बायोसमध्ये (मशीनची मूळ सेटिंग्ज) साटा मोड बहुधा रेडवर असतो. तो एएचसीआय करा.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच पंधरा मिनिटं वापरा: वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. वायफाय दिसत नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची असते. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि मिंट बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून तिचा ड्रायव्हर घ्या.

बसवल्यावर लगेच मिंटमधल्या टाइमशिफ्टने स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाण्यासाठी सिस्टिमची प्रत) घ्या, मग सगळे अपडेट. टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं. तुमचे फोटो-कागदपत्रं नाही, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय लेआउटखाली मराठी निवडा. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड) येत नसेल तर कागपा फोनेटिक घ्या, त्यात रोमन अक्षरांच्या अंदाजाने लिहिता येतं. रॅम खातात ते बहुतेक ब्राउझरचे टॅब. ४ जीबीवर दहा टॅब उघडले की कोणतीही सिस्टिम घाम गाळणार.

सगळं नीट असूनही ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेट चुकीचं असल्याचं सांगत असेल तर कोपऱ्यातली तारीख बघा. ती दहा वर्षं मागे गेली असेल तर घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो आणि मिनिटात बदलता येतो. लॅपटॉपमध्ये मात्र बऱ्याचदा तोच सेल छोट्या वायरीसह प्लास्टिकात गुंडाळलेला असतो. तो मागताना जुना सोबत न्या, कारण पिन वेगळी निघते.