मुंबईच्या अक्षवृत्तावरून जगप्रदक्षिणा: ॲटलास, दोरा आणि तीन प्रश्न

वरळी सी फेसच्या कठड्यावर बसलेल्या कुणालाही विचारा, इथून नाकासमोर सरळ पश्चिमेला निघालं तर पहिली जमीन कुठली लागेल? बहुतेक जण आफ्रिका म्हणतात, काही जण दुबई. दोन्ही चूक. साधारण दीड हजार किलोमीटरवर ओमानचं रास मद्रका हे भूशिर लागतं आणि तिथून आत वाळवंट सुरू होतं. अक्षांश तोच आणि सूर्यही तेवढाच डोक्यावर, तरी इकडे जुलैत रुळांवर पाणी आणि तिकडे वाळू.

शाळेत आपण भूगोल याद्यांनी शिकलो. सर्वात मोठं वाळवंट, सर्वात उंच धबधबा, जागृत ज्वालामुखींची नावं. परीक्षा झाली की याद्या गेल्या. त्यापेक्षा एकच रेषा धरून जगाभोवती फिरा आणि प्रत्येक मुक्कामाला ‘हे इथेच का?’ असं विचारा. मुलांना सुट्टीत बसवून करता येतं, एकट्यानेही करता येतं. दोन-तीन निवांत दुपारी काढा.

काय लागेल

प्राकृतिक नकाशे असलेला ॲटलास, म्हणजे डोंगर तपकिरी आणि सखल भाग हिरवा दाखवणारा. नवाच हवा असं नाही. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेला जुना चालेल. त्यात सुदान अजून एकच देश असेल, पण डोंगर आहेत तिथेच आहेत. सोबत बटर पेपर, टोकदार पेन्सिल, फूटपट्टी आणि जमल्यास पृथ्वीगोल व दोरा. फोनवरचा नकाशा जागा शोधायला उत्तम, आकारांचा अंदाज घ्यायला मात्र बेभरवशाचा. लांबून पाहिल्यास सपाट नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे.

आधी आपली रेषा आखा

फोनच्या नकाशात आपल्या इमारतीवर बोट दाबून धरा. ‘१८.९’ ते ‘१९.२’ असा काहीतरी आकडा येईल, तो तुमचा अक्षांश. कुलाब्यात तो १९ च्या किंचित खाली, बोरिवलीत किंचित वर. ॲटलासमध्ये १९ ची रेषा बहुधा छापलेली नसते, २० ची असते. एका अंशाला जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. नकाशाचं प्रमाण १ : ३ कोटी असेल तर २० च्या रेषेखाली जेमतेम चार मिलिमीटरवर आपली रेषा येते. बटर पेपर ठेवून ती काढा आणि वर-खाली एकेक अंशाचा पट्टा हलकेच रंगवा. खंडांच्या पानांवर अक्षवृत्तं वाकलेली असतात, तेव्हा फूटपट्टीच्या नादी न लागता छापलेल्या रेषेच्या बाकानेच जा.

पृथ्वीगोल असेल तर याच उंचीवर दोरा गुंडाळा. हा फेरा साधारण ३७,९०० किलोमीटरचा होतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी या संपूर्ण रेषेवर सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. आपण मे महिन्यात शून्य सावलीचे फोटो काढतो ते त्याच दिवशी. जुलैतला दिवस आपल्याकडे ढगांत जातो.

तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा

एक, इथे वारा कुठून येतो आणि येताना समुद्रावरून येतो का? दोन, त्याला आडवा डोंगर आहे का? तीन, जमिनीखालच्या प्लेटची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याची, कड जवळ आहे का, की प्लेटच्या मधोमधच काही उकळतंय? अक्षांश फक्त ऊन किती ते सांगतो. पाऊस आणि आग यांचा हिशेब या तीन उत्तरांत असतो. चौथा प्रश्न खास धबधब्यांसाठी आहे, तो पुढे येईल.

पश्चिमेला निघा: वाळवंटांचा टप्पा

ओमान ओलांडताच ‘रब अल खाली’ हे वाळवंट. क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, आणि वाळूच्या टेकड्या काही ठिकाणी अडीचशे मीटर उंच. इथे पहिला प्रश्न विचारा. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, आपला पाऊस तिथेच सांडते, उंचावरून उत्तरेला सरकते आणि साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, आणि ढग जमायच्या आत विरतात. जगातली बरीच मोठी वाळवंटं याच पट्ट्यात आहेत ती यामुळे.

मग मुंबई कशी सुटली? खरं तर पूर्ण सुटलेली नाही. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे तरी पाऊस कुठे पडतो? ते आठ महिने साधारण तसंच कोरडं आभाळ आपल्याही डोक्यावर असतं. जूनमध्ये मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि वर्षाचा जवळजवळ सगळा, दोन हजार मिलिमीटरहून जास्त, पाऊस चार महिन्यांत पाडून जातात. तानसा, वैतरणा, भातसा किती भरले ही बातमी आपण रोज वाचतो ती यासाठी.

तांबडा समुद्र ओलांडून सुदानमध्ये शिरा. पट्ट्यात डोंगोला गाव सापडेल आणि त्याच्याजवळून वाहणारी नाईल. वाळवंटात बारमाही नदी दिसली की बोट उलट दिशेने, उगमाकडे न्यायचं. नाईलचा पूर मुख्यतः इथिओपियाच्या डोंगरांवरच्या उन्हाळी पावसाचा असतो. ज्या प्रदेशातून नदी जाते तिथला पाऊस आणि नदीचं पाणी यांचा संबंध असेलच असं नाही. नकाशा वाचताना ही सवय फार उपयोगी पडते.

पुढे चाड. इथे रेंगाळा. सहारा म्हणजे नुसती वाळू हा समज इथे मोडतो. सहाराचा मोठा भाग खडक आणि खडीचा आहे. पट्ट्याच्या वरच्या कडेला एमी कूसी आहे, सुमारे ३,४०० मीटर उंचीचा ज्वालामुखी आणि सहाराचं सर्वात उंच शिखर. त्याच्या आग्नेयेला, जवळपास आपल्या रेषेवरच, उनियांगाची १८ सरोवरं. पाऊस नावापुरता, ऊन रखरखीत, तरी पाणी टिकून आहे, कारण ते जमिनीखालून झिरपत येतं. हे भूजल आजच्या पावसाचं नाही. सहारा हिरवा होता त्या काळातलं आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने या सरोवरांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. फोनवर उपग्रहचित्र उघडून पाहाच: वाळूचे लांबट पट्टे सरोवराच्या आत बोटांसारखे शिरलेले दिसतात. ते कोणत्या दिशेने शिरले आहेत त्यावरून वारा कुठून वाहतो हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

नायजर, माली झपाट्याने पार करा. मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर वाळवंट थेट अटलांटिकला भिडतं. समुद्र शेजारी असूनही पाऊस नाही, कारण किनाऱ्यालगतचं पाणी थंड आहे आणि वारा बहुतेक वेळा जमिनीवरून समुद्राकडे जातो. पहिल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग का विचारायचा ते इथे कळतं.

अटलांटिकपलीकडे: ज्वालामुखींचा टप्पा

मधल्या समुद्रात फार वेळ घालवू नका. हिस्पॅनिओला बेटावर फक्त एवढं टिपा की इथे दोन प्लेटा एकमेकींना घासत सरकतात. २०१० च्या जानेवारीत हैतीत झालेला भूकंप त्याचाच.

मेक्सिकोत मात्र पेन्सिलीला टोक करून घ्या. नकाशावर ज्वालामुखींची खूण साधारणपणे लाल त्रिकोण असते आणि आपल्या पट्ट्यात हे त्रिकोण पूर्व-पश्चिम ओळीने उभे आहेत. पूर्वेला ५,६०० मीटरहून उंच ओरिझाबा, मध्ये पोपोकॅतेपेटल, पश्चिमेला कोलिमा. पोपोकॅतेपेटलचा अक्षांश १९.०२ आहे, म्हणजे तो जवळजवळ आपल्या दादरच्या रेषेत धुमसतो.

कारण तिसऱ्या प्रश्नात आहे. पॅसिफिकच्या बाजूने कोकोस नावाची समुद्री प्लेट मेक्सिकोखाली घुसते. साधारण शंभर किलोमीटर खोल गेल्यावर तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, त्याने वरचा तप्त खडक वितळायला लागतो आणि तो शिलारस वर येतो. तो चिकट असतो, त्यात वायू कोंडलेले असतात, म्हणून उद्रेक स्फोटक होतो, राख उडते आणि डोंगर उभ्या उताराचा बनतो.

याच ओळीत पारिकुतिन शोधा. २० फेब्रुवारी १९४३ ला एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात भेग पडून त्यातून धूर निघाला. वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच टेकडी झाली होती. १९५२ मध्ये तो थांबला तेव्हा दोन गावं गाडली गेली होती. त्यातल्या एकाच्या चर्चचा मनोरा गोठलेल्या काळ्या लाव्हातून अजून वर डोकावतो. डोंगराचा जन्म माणसांनी पहिल्या दिवसापासून पाहिला अशी उदाहरणं फार थोडी.

हवाई: एका बेटावर तिन्ही प्रश्न

पॅसिफिकमध्ये पुढचा मोठा मुक्काम हवाईचं मोठं बेट. किलावेआ १९.४ वर, मौना लोआ १९.५ वर. प्लेटची कड इथून हजारो किलोमीटर दूर आहे, तरी आग आहे. खोलवरून तप्त खडकाचा स्तंभ वर येतो आणि वरची प्लेट वायव्येला सरकत राहते, म्हणून बेटांची माळ तयार झाली. ॲटलासमध्ये माळेच्या वायव्येची बेटं लहान होत गेलेली दिसतील. ती जुनी, झिजलेली. इथला लाव्हा पातळ, दूरवर वाहणारा, त्यामुळे डोंगर पसरट. मौना लोआ ४,१६९ मीटर उंच असूनही लांबून टेंगळासारखा दिसतो. २०२२ च्या नोव्हेंबरात तो जागा झाला होता.

आता त्याच बेटावर पहिले दोन प्रश्न लावा. वारा ईशान्येकडून, म्हणून पूर्वेच्या हिलोला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तिथेच अकाका धबधबा १३० मीटरहून उंचावरून कोसळतो. पश्चिम किनाऱ्यावर कवाइहाएला तोच पाऊस अडीचशेच्या आसपास. आपल्याकडे पश्चिम बाजू ओली आणि पूर्व कोरडी, तिथे बरोबर उलट. वाऱ्याची दिशा बदला, पर्जन्यछाया (डोंगराआडची कोरडी बाजू) जागा बदलते. मला विचाराल तर या सगळ्या फेरीत हवाईएवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

आणि आता पायाखाली

फिलिपीन्सच्या उत्तरेची बाबुयान बेटं (पुन्हा ज्वालामुखी), हैनान, व्हिएतनाम, लाओस, म्यानमार हे सगळं हवं तर एका बैठकीत उरका. बंगालचा उपसागर ओलांडून बस्तरमध्ये या. इंद्रावतीवरचा चित्रकोट धबधबा १९.२ वर आहे. उंची तीसेक मीटरच, पण पावसाळ्यात तो घोड्याच्या नालाच्या आकारात सुमारे तीनशे मीटर रुंद होतो.

इथे चौथा प्रश्न: पाणी एकदम का पडतं, हळूहळू का उतरत नाही? उत्तर बहुतेक वेळा खडकात असतं. वर टणक थर, खाली त्या मानाने मऊ थर असेल तर खालचा आधी झिजतो, वरचा छज्जासारखा राहतो आणि शेवटी तुटतो. कडा उभाच राहतो आणि धबधबा वर्षानुवर्षं मागे सरकत जातो. चित्रकोटला आडव्या थरांचा वालुकाश्म आहे. सह्याद्रीत तेच काम लाव्हाचे थर करतात. माळशेज घाटात गाडी सुरक्षित जागी थांबवून कापलेला डोंगर बघा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी रंगाची पट्टी दिसते. एक उद्रेक थांबल्यावर दुसरा येईपर्यंत जो खडक उन्हापावसात कुजला, ती ही पट्टी. ती लवकर झिजते. पावसाळ्यात जवळच्याच नाणेघाटात वारा कड्यावर इतक्या जोरात चढतो की पाणी उलटं वर उडतं. त्याच वाऱ्याचा पाऊस घाटमाथ्यावर संपतो, म्हणून आपल्याच रेषेवरच्या, हवाई अंतराने दोनशे किलोमीटरवरच्या अहिल्यानगरला सहाशे मिलिमीटरही धड पडत नाही.

शेवटचा मुक्काम अंधेरीचा गिल्बर्ट हिल. मेट्रोने जाता येतं. इमारतींच्या गराड्यात सुमारे ६० मीटर उंच काळा कडा उभा आहे आणि माथ्यावर गावदेवीचं मंदिर. पायऱ्या चढण्याआधी खालूनच नीट बघा: कडा एकसंध नाही, उभ्या बहुकोनी खांबांची जुडी आहे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि आटत्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडतात, फक्त या भेगा खोलवर उभ्या जातात. वय सहा-साडेसहा कोटी वर्षं. दख्खनच्या पठाराचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा बेसॉल्ट, म्हणजे गोठलेल्या लाव्हाचा काळा कातळ, ज्या तप्तबिंदूशी (हवाईसारख्याच खोलवरून येणाऱ्या तप्त स्तंभाशी) जोडला जातो, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे मुंबई हवाईच्या जातीची, मेक्सिकोच्या नव्हे.

एक सूचना. धबधबा बघायला खारघरच्या पांडवकड्याला जाणार असाल तर पाण्यात उतरू नका. तिथे बुडून माणसं गेली आहेत आणि पावसाळ्यात बंदी असते. थर दुरूनही दिसतात.

दुसरी फेरी दक्षिणेची

पहिली जमली की बटर पेपर उलटा करून दक्षिण अक्षांश १९ ची रेषा काढा. आता उत्तरं आधी वाचू नका, फक्त चार ठिकाणी थांबा: चिलीचं आरिका, जिथे वर्षाला सरासरी एक मिलिमीटरही पाऊस नाही, वनुआतूतल्या टान्ना बेटावरचा यासुर ज्वालामुखी, ऑस्ट्रेलियाचा वॉलमन धबधबा, २६८ मीटर, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला व्हिक्टोरिया धबधबा, १०८ मीटर उंच आणि १,७०८ मीटर रुंद. व्हिक्टोरियाचा कातळ कोणता ते शोधाल तेव्हा त्याचे फोटो माळशेजच्या फोटोशेजारी ठेवून बघा.