डन्जन्स अँड ड्रॅगन्समधील पात्र पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत कसे आणावे

डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणि पाथफाइंडर हे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचे भूमिका-खेळ आहेत. दीर्घकाळ चाललेली मोहीम, म्हणजे अनेक सत्रांत खेळली जाणारी सलग कथा, मध्येच एका नियमप्रणालीतून दुसरीत न्यायची ठरते, तेव्हा बहुतेक खेळाडू जुना कॅरेक्टर शीट (पात्राच्या नोंदींचा कागद) समोर ठेवून एकेक आकडा नव्या शीटवर उतरवू लागतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतून पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत जाताना ही पद्धत हमखास फसते, कारण दोन्हीकडे तोच वीस बाजूंचा फासा असला तरी आकड्यांमागचे गणित पूर्ण वेगळे आहे. येथे २०१४ सालचे पाचव्या आवृत्तीचे नियम आणि पाथफाइंडरचे २०२३ पासून प्रसिद्ध झालेले सुधारित नियम गृहीत धरले आहेत.

शीट बाजूला ठेवून आधी एका कोऱ्या कागदावर, एकही आकडा न वापरता, हे पात्र लढाईत आणि लढाईबाहेर काय करते ते लिहून काढावे. उदाहरणासाठी वीरसेन नावाचे पाचव्या लेव्हलचे मानवी पात्र घेऊ: फायटर (योद्धा) या क्लासच्या, म्हणजे पेशाच्या, तीन लेव्हल, विझार्डच्या (जादूगाराच्या) दोन, पार्श्वभूमी सैनिकाची, सबक्लास म्हणजे फायटरची उपशाखा बॅटल मास्टर. त्याच्याबद्दलच्या नोंदी अशा होतील: तो एका हातात तलवार धरून पुढे उभा राहतो, शत्रूला खाली पाडतो, ऐन वेळी जादूची ढाल उभी करतो आणि लोकांना दरडावून बोलते करतो. सोबतच्या खेळाडूंच्या मनात वीरसेन याच चार गोष्टींमुळे आहे, म्हणून नव्या प्रणालीत सर्वप्रथम त्याच वाचवायच्या आहेत.

आता पात्र नव्याने, पहिल्या लेव्हलपासून बांधावे. पाथफाइंडरमध्ये क्रम वंश, पार्श्वभूमी, क्लास असा असतो आणि क्षमता ‘बूस्ट’ने वाढतात, सुधारित नियमांत १६ किंवा १४ असे स्कोअर उरलेलेच नाहीत, फक्त +३ किंवा +२ असे मॉडिफायर (फाशात मिळवायचे आकडे) आहेत. पार्श्वभूमी ‘वॉरियर’ घेतली की इंटिमिडेशन (दरडावण्याचे कौशल्य) आपोआप मिळते. जुन्या ‘सोल्जर’मधील ॲथलेटिक्स मात्र तिच्यात नाही, पण फायटरला ॲक्रोबॅटिक्स किंवा ॲथलेटिक्स यांपैकी एक कौशल्य क्लासकडूनच मिळत असल्याने ती उणीव तेथे भरून निघते.

मल्टिक्लासचा, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास मिसळण्याचा, प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पाथफाइंडरमध्ये लेव्हल दोन क्लासमध्ये वाटता येत नाहीत; क्लास एकच राहतो आणि दुसऱ्याची अंगे आर्किटाइपच्या (जोड-क्लासच्या) फीटमधून, म्हणजे लेव्हल वाढताना निवडायच्या खास क्षमतांमधून, घ्यावी लागतात. त्यामुळे वीरसेन पूर्ण पाचव्या लेव्हलचा फायटर होईल, दुसऱ्या लेव्हलला विझार्ड डेडिकेशन हे फीट घेईल (त्यासाठी इंटेलिजन्स किमान +२ हवे) आणि चौथ्या लेव्हलला बेसिक विझार्ड स्पेलकास्टिंग. पूर्वी त्याच्याकडे पहिल्या पातळीचे तीन स्पेल स्लॉट (स्पेल म्हणजे मंत्र टाकण्याच्या, वापरल्यावर संपणाऱ्या संधी) होते, आता एकच असेल. हा तोटा खरा आहे आणि तो खेळाडूला आधीच स्पष्ट सांगितलेला बरा. गटाला मान्य असेल तर फ्री आर्किटाइप हा, आर्किटाइपची फीट जादा देणारा, ऐच्छिक नियम लागू करावा. मल्टिक्लास पात्रे आणताना तो मला जवळजवळ आवश्यक वाटतो, कारण एरवी जादूसाठीचे प्रत्येक फीट तलवारीच्या फीटची जागा खाते.

नाव तेच असलेल्या गोष्टींपासून विशेष सावध राहावे. पाचव्या आवृत्तीत शील्ड हा पहिल्या पातळीचा स्पेल आहे. तो रिॲक्शन (घावाला दिलेली तत्काळ प्रतिक्रिया) म्हणून टाकता येतो आणि पुढच्या टर्नपर्यंत (आपल्या पुढच्या पाळीपर्यंत) एसीमध्ये, म्हणजे घाव लागण्यासाठी शत्रूला गाठाव्या लागणाऱ्या आकड्यात, ५ची भर घालतो. पाथफाइंडरमध्ये शील्ड हे कँट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) आहे, त्याला आपल्या टर्नमधील एक ॲक्शन लागते, एसीमध्ये केवळ १ची भर पडते, आणि त्या ढालीवर घाव झेलला तर पुढील दहा मिनिटे तो स्पेल पुन्हा टाकता येत नाही. तरीही डेडिकेशनमुळे मिळणाऱ्या कँट्रिपांत वीरसेनने तेच घ्यावे, कारण जादूची ढाल ही त्याची ओळख आहे आणि ती आता स्लॉट खर्च न करता उभी राहते. उलट शत्रूला पाडण्यासाठी त्याला बॅटल मास्टरला मिळणाऱ्या खास फाशांची गरज उरत नाही: एक हात मोकळा असला की ॲथलेटिक्स वापरून ट्रिप (शत्रूला पाडण्याची कृती) कोणालाही करता येते, आणि वीरसेनचा हात मोकळाच असतो. ॲक्शन सर्जला (जुन्या फायटरला मिळणाऱ्या जादा ॲक्शनला) मात्र थेट पर्याय शोधू नये. प्रत्येक टर्नला तीन ॲक्शन मिळतात, त्यांतच ती मोकळीक मुरलेली आहे.

आकड्यांची तुलना करायचीच असेल तर ती समोरच्या शत्रूसह करावी. जुना वीरसेन +६ने हल्ला करत असे आणि चॅलेंज रेटिंग (शत्रूच्या ताकदीचा दर्जा) ५ असलेल्या प्राण्याचा एसी साधारण १५ असतो, म्हणजे फाशावर ९ पुरत असत. नव्या प्रणालीत प्रावीण्यात लेव्हलही मिळवली जाते: लेव्हलचे ५, मास्टर प्रावीण्याचे ६, स्ट्रेंग्थचे ४ आणि तलवारीवरील रूनचा (कोरलेल्या जादुई चिन्हाचा) १ मिळून +१६ होतात, तर पाचव्या लेव्हलच्या प्राण्याचा एसी २२च्या आसपास असतो. आता ६ पुरतात. शिवाय लक्ष्यापेक्षा १० अधिक आल्यास घाव क्रिटिकल ठरत असल्याने फाशावर १६ किंवा अधिक पडताच दुप्पट इजा होते. त्याच टर्नमधील दुसऱ्या हल्ल्याला मात्र ५ची वजावट आणि तिसऱ्याला १०ची, म्हणून तिसरी ॲक्शन ढालीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. हिट पॉइंटही (पात्र किती इजा सोसू शकते तो आकडा) ४०वरून, कॉन्स्टिट्यूशन +३ धरल्यास, ८ + ५ × (१० + ३) = ७३ होतात; यात ८ मानव वंशाचे आणि १० फायटरचे. शत्रूंचे घावही त्याच प्रमाणात जड असतात, हे खेळाडूच्या लक्षात आणून द्यावे.

सोन्याची नाणी जशीच्या तशी कधीही आणू नयेत. पाचव्या आवृत्तीत प्लेट आर्मरला १,५०० सुवर्णमुद्रा पडतात, पाथफाइंडरमध्ये फुल प्लेटला ३०. जुनी थैली तशीच राहिली तर खेळातील बाजारच कोलमडेल. नव्या लेव्हलसाठी जीएमच्या (गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात जो संपत्तीचा तक्ता आहे त्यानुसार वस्तू द्याव्यात, आणि चौथ्या लेव्हलनंतर +१ स्ट्रायकिंग (जादा इजा करणारे जादुई) शस्त्र हातात असेल हे पाहावे, कारण प्राण्यांचे हिट पॉइंट तसे शस्त्र गृहीत धरूनच ठरवलेले आहेत. ज्या जादुई वस्तूला कथेत महत्त्व आहे, तिचे नाव आणि रूप कायम ठेवून गुणधर्म मात्र या तक्त्यातून द्यावेत.

खरी मोहीम पुढे नेण्याआधी एक छोटी लढाई केवळ सरावासाठी खेळावी. पाथफाइंडरमध्ये फीट बदलण्यासाठी पात्राला एक आठवड्याचा मोकळा काळ द्यावा लागतो, परंतु रूपांतरित पात्रांना पहिली दोन-तीन सत्रे ही अट जीएमने लावू नये. लिहून ठेवलेल्या चार गोष्टींपैकी एखादी टेबलावर उतरत नसेल, तर त्या काळात तिच्यासाठी निवडलेले फीट किंवा कौशल्य सरळ बदलू द्यावे.