सिकलसेलच्या रुग्णाला रक्त चढवताना या चुका टाळा

डहाणूहून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयात येणाऱ्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या असतात. पण आजवर कोठे, केव्हा आणि किती पिशव्या रक्त चढले, याचा कागद सहसा नसतो. पुढच्या बऱ्याच चुका तेथूनच सुरू होतात.

'ओ पॉझिटिव्हला ओ पॉझिटिव्हच दिले' एवढ्यावर समाधान मानू नये. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्या शहरात 'बॉम्बे' रक्तगट (वरवर ओ वाटणारा, पण ज्याला ओ रक्तही चालत नाही असा) शोधला, तेथे तरी हे वेगळे सांगावे लागू नये. तांबड्या पेशींवर मोठा सी (C), छोटा सी (c), मोठा ई (E), छोटा ई (e), केल, डफी, किड अशी अनेक प्रतिजने (अँटिजेन, म्हणजे पेशीची ओळख ठरवणाऱ्या खुणा) असतात आणि रुग्णाकडे नसलेले प्रतिजन दात्याच्या रक्तातून आले, तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) तयार करू शकते. म्हणून पहिली पिशवी लावण्यापूर्वीच रुग्णाच्या पेशींवर यांपैकी कोणती प्रतिजने आहेत, याची सविस्तर तपासणी करून घ्यावी आणि निदान सी, ई व केल यांबाबत जुळणारे रक्त मागावे. रक्त चढल्यानंतर सुमारे तीन महिने दात्याच्या पेशी मिसळलेल्या असल्याने नेहमीची तपासणी फसवते. तेव्हा जनुकीय चाचणीचा आधार घ्यावा लागतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे आजचा 'स्क्रीन निगेटिव्ह' (रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत) हा शेरा अंतिम मानणे. तयार झालेली प्रतिपिंडे कालांतराने इतकी विरळ होतात की चाचणीत दिसत नाहीत, क्रॉसमॅचही (रुग्ण व दात्याच्या रक्ताची जुळणी-चाचणी) जुळतो. मात्र तेच प्रतिजन पुन्हा शरीरात गेले की ती झपाट्याने वाढतात. मग साधारण तीन ते चौदा दिवसांनी अंग दुखू लागते, डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि घरचेच नव्हे, तर डॉक्टरही याला सिकलसेलमधला नेहमीचा क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका, समजतात. हिमोग्लोबिन रक्त चढवण्यापूर्वीपेक्षाही खाली गेले असेल, तर रुग्णाच्या स्वतःच्या पेशीही फुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी घाईने आणखी एक पिशवी लावल्यास प्रकृती अधिकच बिघडू शकते. आधी रक्तपेढीला कळवावे, प्रतिपिंडांची तपासणी नव्याने करावी आणि रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कूम्ब्स चाचणी (तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे शोधणारी) निगेटिव्ह आली म्हणून शंका सोडू नये. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगट व प्रतिपिंडे याच विषयाची राष्ट्रीय संस्था (एनआयआयएच) आहे, हेही लक्षात ठेवावे.

केवळ दुखण्याच्या साध्या क्रायसिससाठी रक्त चढवण्याचा आग्रह धरू नये. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर सख्ख्या भावाबहिणींचे रक्त देणे टाळावे.

प्रतिपिंड एकदा सापडले की त्याचे नाव, तारीख आणि रक्तपेढीचे नाव कार्डावर लिहून घ्यावे व ते कार्ड प्रत्येक नव्या रुग्णालयात आधी दाखवावे. अक्षर मोठे की छोटे, हे प्रयोगशाळेच्या अहवालात छापले असेल तसेच उतरवावे, कारण देवनागरीत दोन्ही 'सी' सारखेच दिसतात आणि रक्तपेढीला नेमका तोच फरक हवा असतो.