ब्रिजपोर्ट मिलिंगचं हेड डायल लावून सरळ करणं

अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम यांनी १९३८ साली ही टरेट मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारी, वरचा भाग फिरवता येणारी मशीन) आणली. तिची खासियत हेडमध्ये, म्हणजे मोटर आणि कटर फिरवणारा स्पिंडल असलेल्या भागात आहे. ते डावी-उजवीकडे कलतं, नंतरच्या मशीनवर पुढे-मागेही झुकतं, त्यामुळे तिरप्या भोकासाठी जॉब (कापायचा तुकडा) तिरपा बांधावा लागत नाही. पण कलणारं हेड जोराच्या कटात किंवा ड्रिल अडकल्यावर नकळत सरकतंही. तेव्हा नेमक्या कामाआधी डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) स्पिंडलमध्ये लावून टेबलावर फिरवलेला आणि स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का ते पाहिलेलं बरं.

व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) उतरवा, टेबल पुसा, वर आलेले बर (धातूचे उंचवटे) ऑइलस्टोनने घासा. नी (टेबल वर-खाली नेणारा भाग) आणि सॅडल (टेबल पुढे-मागे नेणारा भाग) लॉक करा. लॉक नंतर आवळलात तर टेबल किंचित हलतं आणि आधीची मापं फुकट जातात. गिअर न्यूट्रलला टाकून स्पिंडलमध्ये लीव्हर डायल १०० मिमी त्रिज्येवर पकडा. टोक टी-स्लॉटमध्ये (टेबलाच्या खाचांमध्ये) पडू नये म्हणून खाली ग्राइंड केलेला एकच पॅरलल ब्लॉक (समांतर पृष्ठांचा ठोकळा) पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चारही जागी सरकवत न्या.

आधी पुढे-मागे, म्हणजे पुढचं आणि मागचं माप सारखं करा. बाजूचे तीन बोल्ट जेमतेम सैल करा. पूर्ण सोडले तर मोटरसकट हेड पुढे कोसळेल, इथे घाई नको. मग समोरचे चार नट सैल करून डावी-उजवी बाजू घ्या. डावीकडे शून्य धरलं आणि उजवीकडे ०.१६ मिमी आलं, तर तिथेच वर्मने (हेड हळू कलवणाऱ्या स्क्रूने) काटा ०.०८ वर आणा, पुन्हा शून्य करा, पुन्हा फिरवा. नट आवळताना हेड थोडं सरकतंच, म्हणून समोरासमोरचे नट थोडे थोडे, काट्यावर नजर ठेवून आवळा. शेवटी दोन्ही दिशा परत तपासा. २०० मिमीवर ०.०२ मिमी फरक बहुतेक कामांना चालतो.

डावी-उजवीकडे २०० मिमीला ०.१ मिमी फरक राहिला, तर ८० मिमी व्यासात फिरणारा फ्लाय कटर (एकाच टूलचा कटर) टेबलच्या लांबीच्या दिशेने चालवल्यावर पृष्ठभाग मध्ये ०.०२ मिमी खोलगट होतो. तेवढाच फरक पुढे-मागे असला, तर लगतच्या दोन पासांमध्ये (कटरच्या फेऱ्यांमध्ये) नखाला लागणारी पायरी येते. हेड सरळ असेल तर हलक्या कटात टूलच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या रेषा एकमेकींना छेदत जाळी काढतात. एकाच बाजूच्या कमानी दिसल्या तर पुन्हा डायल लावा.